रॅण्डम वॉक आणि स्वतःला टाळणारा वॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एम.एस्सी. भौतिकीची मुलं प्रकल्पाला विषय मागायला आली की मी बहुतेक वेळा हाच पुढे करतो. उपकरणं लागत नाहीत, जुना लॅपटॉप पुरतो, आणि मोठमोठ्यांना पुरून उरलेला प्रश्न पहिल्याच आठवड्यात हाताशी येतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. रसायनशास्त्रवाल्यांनी थेट पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक साखळीसारख्या रेणूंच्या, प्रश्नांवर गेलं तरी चालेल.

रॅण्डम वॉक म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक पावलाला दिशा नव्याने, आधीच्या पावलांचा काहीही विचार न करता निवडायची. चौकटीच्या जालकावर, म्हणजे आलेखाच्या वहीसारख्या जाळीवर, चार दिशा, प्रत्येकीची शक्यता १/४. बस्स. १९०५ साली कार्ल पिअर्सनने 'नेचर'मध्ये पत्र लिहून विचारलं, की असा माणूस इतक्या पावलांनंतर किती लांब सापडेल? लॉर्ड रॅलेने लगेच कळवलं, की अनेक कंपनांची बेरीज करताना हे गणित मी १८८० मध्येच सोडवलं आहे. त्याच १९०५ साली आइन्स्टाइनचा ब्राउनीय गतीवरचा शोधनिबंध आला. पुढे झाँ पेराँने सूक्ष्मदर्शकाखाली कणांची हालचाल मोजून तो खरा ठरवला. अणू खरोखर असतात की नाहीत हा वाद त्यानंतर फारसा उरला नाही. १९२६ चं नोबेल पेराँला मिळालं.

शंभर पावलं टाकून अंतर फक्त दहा? पटत नाही.

पटायला अर्धं पान पुरतं. एकूण विस्थापन म्हणजे सगळ्या पावलांची सदिश बेरीज. तिचा वर्ग केला की दोन तऱ्हेची पदं मिळतात. पाऊल गुणिले तेच पाऊल, याचं उत्तर १. पाऊल गुणिले दुसरंच पाऊल, याची सरासरी शून्य, कारण दोन पावलांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिल्या तऱ्हेची पदं पावलांइतकीच असतात. पावलांची संख्या एन धरली, तर अंतराच्या वर्गाची सरासरी एन, आणि अंतर एनच्या वर्गमुळाइतकं. १०० पावलांना १०, १०,००० पावलांना १००.

इथे मिती कुठेच आली नाही हे लक्षात घ्या. रेषेवर, कागदावर, खोलीत, घातांक १/२च. या घातांकाला आपण 'न्यू' म्हणू. खालचा सगळा खटाटोप या एका संख्येसाठी आहे.

मग मितीने काहीच फरक पडत नाही का?

अंतराच्या घातांकाला पडत नाही, परतण्याला पडतो. जॉर्ज पोल्या झुरिकमध्ये असताना फिरायला जायचे, आणि तिथे आपल्या वाग्दत्त वधूबरोबर फिरणारा एक विद्यार्थी त्यांना सारखा आडवा यायचा. आपण मुद्दाम पाळत ठेवतो असं त्यांना वाटलं तर, या संकोचातून ते गणिताकडे वळले असं सांगतात. १९२१ मध्ये त्यांनी सिद्ध केलं, की एक आणि दोन मितींत रॅण्डम वॉक सुरुवातीच्या जागी परततोच, तीन मितींत परतेलच असं नाही. साध्या घनाकृती जालकावर परतण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे.

गावाकडे चकवा लागतो म्हणतात, रात्रभर चालून माणूस पुन्हा त्याच बांधावर. द्विमितीत रॅण्डम वॉकला चकवा हमखास लागतो. फक्त तो लागायला सरासरी अनंत वेळ जातो, ही त्यातली मेख. 'परतणार हे नक्की' आणि 'लवकर परतणार' यांत मुलं दरवर्षी गल्लत करतात.

स्वतःला टाळणारा वॉक म्हणजे?

जालकावर काढलेली अशी वाट, जी कुठल्याही बिंदूवर दुसऱ्यांदा जात नाही. एन पावलांच्या अशा सगळ्या वाटा घ्यायच्या, प्रत्येकीला सारखंच वजन द्यायचं, आणि सरासरी काढायची. 'सारखंच वजन' हे दोन शब्द अधोरेखित करा. प्रोग्रॅम लिहिताना यांच्यावरच बहुतेकांचा पाय घसरतो.

व्याख्या चौथीतल्या मुलाला समजेल अशी आहे. उत्तरं मात्र सहज हाती येत नाहीत.

वाट लगेच मागे वळणार नाही एवढीच अट घातली, तर तेवढ्याने काम भागेल का?

नाही. आणि मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

समजा आल्या पावली परत जायचं नाही, एवढाच नियम केला. चौकटीच्या जालकावर याचं नेमकं गणित होतं: मोठ्या एनसाठी अंतराच्या वर्गाची सरासरी जवळपास २ एन. म्हणजे वॉक पसरला, गुणांक १चा २ झाला, पण घातांक १/२च राहिला. आता नियम कडक करा. गेल्या दहा पावलांत आलेला बिंदू टाळायचा. गेल्या हजार पावलांतला टाळायचा. गुणांक वाढत जाईल, घातांक ढिम्म हलणार नाही. कारण हजार पावलांचा एक तुकडा हेच मोठं 'पाऊल' मानलं, तर लांबून पाहताना तो पुन्हा साधा रॅण्डम वॉकच दिसतो.

घातांक हलवायचा तर स्मृती अथांग हवी. दहा लाखाव्या पावलाला पहिलं पाऊल आठवलं पाहिजे. स्वतःला टाळणाऱ्या वॉकमध्ये नेमकं तेच आहे, आणि म्हणून तो वेगळ्याच वर्गात जातो. उलट चौकट बदलून षटकोनी जालक घ्या, त्रिकोणी घ्या, कोपऱ्यात वळायला थोडी ऊर्जा लागेल असं धरा, दुसरा घातांक मिळणार नाही. जालकाचा तपशील गुणांकात जिरतो, घातांकाला फक्त मिती आणि ही लांबची स्मृती कळते.

हे हाताने करून बघता येतं का?

येतं, आणि कॉम्प्युटर उघडण्याआधी करावंच. अप्पा बळवंत चौकातून आलेखाची वही आणा आणि बसा.

दोन पावलांच्या वाटा १२. त्यांतल्या ४ सरळ, अंतराचा वर्ग ४. उरलेल्या ८ काटकोनात वळलेल्या, वर्ग २. सरासरी ३२ भागिले १२, म्हणजे २.६७. साध्या रॅण्डम वॉकला इथे २ मिळतात.

तीन पावलांच्या वाटा ३६. पहिलं पाऊल पूर्वेला पक्कं करा, ९ उरतात. एक पूर्ण सरळ, वर्ग ९. सहा वाटांचा शेवट दोन घरं एकीकडे आणि एक घर आडवं अशा जागी होतो, वर्ग ५. दोन वाटा इंग्रजी यू अक्षरासारख्या वळून सुरुवातीच्या शेजारी येतात, वर्ग १. एकूण ९ अधिक ३० अधिक २, म्हणजे ४१. नऊने भागून ४.५६.

चार पावलांना मागे न वळणाऱ्या वाटा १०८. त्यांतल्या ८ चौकोन पूर्ण करून मूळ बिंदूवर येतात, त्या बाद. उरल्या १००, सरासरी ७.०४. पाच पावलांना वाटा २८४, सरासरी ९.५६.

आता घातांक काढा. सम-विषम पावलांची लटपट टाळायला एकाआड एक संख्या घ्या. दोन सरासऱ्यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्या, त्याला पावलांच्या गुणोत्तराच्या लॉगने भागा आणि निम्मं करा, कारण सरासरी अंतराच्या वर्गाची आहे. दोन आणि चार पावलांवरून न्यू येतो ०.७०. तीन आणि पाचवरून ०.७३. द्विमितीतलं अपेक्षित उत्तर ०.७५ आहे. पेन्सिल आणि वही घेऊन तुम्ही त्याच्या इतक्या जवळ जाता! हे पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याने दुसरा प्रकल्प घ्यावा.

याच पद्धतीने, अर्थात खूप हुशार अल्गोरिदम वापरून, चौकटीच्या जालकावर ७९ पावलांपर्यंतच्या वाटा नेमक्या मोजून झाल्या आहेत. दर पावलाला वाटांची संख्या सुमारे २.६३८ पट होते. हा आकडा मात्र जालकागणिक बदलतो.

फ्लोरीची ३/५ वाली सिद्धता इतकी सोपी कशी?

कारण ती सिद्धता नाही. रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरीने १९४० च्या दशकाअखेर पॉलिमरच्या साखळीबद्दल असा विचार केला (स्वतःला टाळणारी वाट हीच साखळी, एकेक पाऊल म्हणजे एकेक कडी): साखळीला दोन ओढी आहेत. कड्या एकमेकींना ढकलतात, म्हणून साखळी फुगू पाहते. ही ऊर्जा एनच्या वर्गाला आरच्या डी-घाताने भागल्यासारखी, इथे आर म्हणजे आकार आणि डी म्हणजे मिती. दुसरीकडे, फुगलेल्या साखळीला उपलब्ध रचना कमी, एन्ट्रॉपी घटते. ती किंमत आरचा वर्ग भागिले एन. दोन्हींची बेरीज किमान करा, की आरचा (डी + २) घात हा एनच्या घनाच्या प्रमाणात येतो. न्यू म्हणजे ३ भागिले (डी + २).

एक मितीत १, बरोबर. दोन मितींत ३/४, आज आपण जे नेमकं मानतो तेच. चार मितींत १/२, तेही बरोबर. तीन मितींत ०.६, आणि खरा आकडा ०.५८७५९७ च्या आसपास. चूक दोन टक्क्यांची.

गंमत अशी, की दोन्ही पदं चुकलेली आहेत. ढकलाढकलीचं पद कड्यांमधले सहसंबंध दुर्लक्षून जास्त मोजलं जातं. एन्ट्रॉपीचं पद आदर्श साखळीचं म्हणून तेही जास्त. दोन चुका एकमेकींना खातात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेनने हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. एक पद 'सुधारायला' गेलात तर उत्तर बिघडतं. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी ते सुधारून आणतोच. फ्लोरीला १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अर्थात पॉलिमरवरच्या एकूण कामासाठी.

चार मितींच्या वर फरक का नाहीसा होतो?

रॅण्डम वॉकची वाट दिसते रेघेसारखी, पण एन पावलांत आकार एनच्या वर्गमुळाइतकाच वाढतो, म्हणजे पावलं आकाराच्या वर्गाप्रमाणे वाढतात, म्हणून तिची फ्रॅक्टल मिती २. दोन मितीच्या दोन वस्तू एकमेकींना सहज छेदायच्या तर अवकाशाची मिती २ + २ पेक्षा कमी हवी. चारच्या वर वाटेचे लांबचे तुकडे मुळात एकमेकांना फारसे भेटतच नाहीत, मग टाळायचं काय? पाच किंवा जास्त मितींत न्यू १/२ आहे हे ताकाशी हारा आणि गॉर्डन स्लेड यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं. नेमक्या चार मितींत १/२ला लॉगरिदमची बारीक शेपटी लागते.

'पाच मिती असतात कुठे?' हा प्रश्न कृपया विचारू नये. तीन मितींना समजून घ्यायला चारच्या कडेला उभं राहून आत बघणं हीच पुनर्सामान्यीकरणाची (लहान तुकडे एकत्र करून, लांबून पाहत जाण्याच्या गणिताची) रीत आहे. द जेनने १९७२ मध्ये दाखवलं, की हा वॉक म्हणजे चुंबकाचंच एक प्रारूप आहे, फक्त स्पिनच्या (चुंबकातल्या प्रत्येक बिंदूवरच्या बारीक बाणाच्या) घटकांची संख्या शून्याकडे न्यायची. शून्य घटकांचा स्पिन! ऐकायला थट्टा वाटते, गणित चोख चालतं.

मग ३/४ सिद्ध झालं आहे की नाही?

नाही. बर्नार्ड नीनहाउसने १९८२ मध्ये षटकोनी जालकावर भौतिकीच्या रीतीने ३/४ मिळवलं, आणि सोबत सांगितलं की त्या जालकावर वाटांची संख्या दर पावलाला २ अधिक २चं वर्गमूळ, या सगळ्याच्या वर्गमुळाइतक्या पटीने वाढते, म्हणजे सुमारे १.८४८. हा दुसरा भाग उगो द्युमिनिल-कोपाँ आणि स्तानिस्लाव स्मिर्नोव्ह यांनी २०१० मध्ये काटेकोर सिद्ध केला. सिद्धता आश्चर्य वाटावं इतकी छोटी आहे, एम.एस्सी.चा चांगला विद्यार्थी नेटाने वाचू शकतो. दोघांनाही फील्ड्स पदक मिळालेलं आहे, स्मिर्नोव्हना २०१० ला, द्युमिनिल-कोपाँना २०२२ ला.

३/४ वर मात्र अजून कोणाची सही नाही. वॉक सरळ रेषेच्या वेगाने पळत नाही, एवढं २०१३ मध्ये सिद्ध झालं. तीन मितींतला आकडा तर फक्त संगणकीय. त्याला साधा अपूर्णांक असेल असं मानायलाही आधार नाही.

माझा प्रोग्रॅम साधारण सत्तर पावलांनंतर अडकतो. कुठे चुकलं?

प्रोग्रॅम बरोबर आहे, प्रारूप चुकलं. तुम्ही दर पावलाला रिकाम्या शेजाऱ्यांपैकी एक निवडत असणार. चौकटीच्या जालकावर असा वाढत जाणारा वॉक सरासरी ७१ पावलांना स्वतःच्याच घेऱ्यात सापडतो, हे माहीत असलेलं उत्तर आहे. लवकरात लवकर सातव्या पावलानंतर.

पण अडकण्यापेक्षा मोठा घोळ वजनांचा आहे. वरच्या चार पावलांच्या १०० वाटा आठवा, प्रत्येकीची शक्यता १/१०० हवी. तुमच्या पद्धतीत यू वळणानंतर पर्याय तीनऐवजी दोनच उरतात. म्हणून त्या १६ वाटांना १/७२ मिळतं आणि उरलेल्या ८४ ना १/१०८. गोळा झालेल्या वाटांना झुकतं माप. एन वाढेल तसा हा पक्षपात वाढतच जातो.

मग बरोबर कसं करायचं?

साधे रॅण्डम वॉक काढून छेदणारे फेकून देणं, हे तत्त्वतः बरोबर आणि व्यवहारात निरुपयोगी. १०० पावलांना टिकणारा वॉक दोनावर सतरा शून्यांत एखादा. मागे न वळण्याचा नियम घालून काढले तरी लाखात एखादाच.

रोझनब्लूथ दांपत्याने १९५५ मध्ये वरचाच वाढत जाणारा वॉक घेऊन प्रत्येक वाटेला तिच्या पर्यायांच्या गुणाकाराचं वजन दिलं. पक्षपात जातो, पण लांब वॉकमध्ये मूठभर वाटा सगळं वजन खाऊन टाकतात.

मी पिव्हट अल्गोरिदम सुचवतो. पूर्ण वाट घ्या, मधला एखादा बिंदू निवडा, पुढची सगळी वाट त्याभोवती काटकोनात फिरवा किंवा आरशासारखी उलटवा. छेद झाला तर जुनी वाट पुन्हा मोजा, नाही झाला तर नवी ठेवा. मूळ कल्पना १९६९ मधली, मोती लालची. १९८८ मध्ये नील मॅड्रस आणि अ‍ॅलन सोकल यांनी ती किती ताकदवान आहे ते दाखवलं. 'जुनी वाट पुन्हा मोजा' ही पायरी गाळू नका, ती गाळली की उत्तर हळूच बिघडतं आणि का ते सापडत नाही.

१०० पावलांच्या वॉकला द्विमितीत अंतर सुमारे २८ यायला हवं, साध्या वॉकच्या १० च्या जागी. हे आधी तपासा, मग पुढे जा. लॉग-लॉग आलेखावर पट्टी ठेवताना सुरुवातीचे दहा-वीस बिंदू सोडा.

पॉलिमरशी याचा प्रत्यक्ष संबंध काय?

लवचीक साखळी चांगल्या द्रावकात सोडली की ती स्वतःला टाळणाऱ्या वॉकसारखी पसरते. दोन कड्या एका जागी बसू शकत नाहीत, आणि साखळीच्या दोन टोकांनाही हा नियम लागू, तीच ती लांबची स्मृती. १०,००० खंडांची साखळी घ्या. घातांक १/२ असता तर आकार १०० एकक, ०.५८८ ला सुमारे २२५. गुणांक सारखे धरले तर घनफळात अकरापट फरक. द्रावणाच्या दाटपणात तो दिसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या व्हिस्कोमीटरवर (दाटपणा मोजायच्या नळीवर) रेणुभाराबरोबर वाढणारा जो घातांक तुम्ही काढता, तो ३ न्यू वजा १. चांगल्या द्रावकात ०.७६ च्या आसपास, आदर्श साखळीला ०.५.

आदर्श साखळी प्रत्यक्षातही मिळते. द्रावक वाईट होत गेला की कड्या एकमेकींना ओढू लागतात, आणि एका ठरावीक तापमानाला ही ओढ ढकलाढकलीला जवळपास रद्द करते. तेच थीटा तापमान. सायक्लोहेक्झेनमधल्या पॉलिस्टायरीनला ते सुमारे ३४.५ अंश सेल्सिअस आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी एसी नसलेल्या प्रयोगशाळेत पारा आपणहून तिथे पोचतो. तरीही वॉटर बाथ वापरा, परीक्षक विचारतात.

वितळलेल्या, दाटीवाटीच्या पॉलिमरमध्ये पुन्हा १/२च मिळतो. तिथे प्रत्येक कडीला आपल्याच साखळीचा शेजार आणि परक्या साखळीचा शेजार सारखाच, म्हणून फुगून फायदा काही नाही. फ्लोरीचं हे भाकीत न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगांनी खरं ठरवलं.

पुण्यात या विषयावर कोणी काम केलं आहे का?

पाषाणच्या बाजूला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, आणि तिच्या शेजारी आयसर, ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था. एनसीएलमध्ये पॉलिमरवर संशोधनाची जुनी परंपरा आहे. भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर आयसर पुण्याला आले. २०२२ चं बोल्ट्झमन पदक (सांख्यिकीय भौतिकीतला मोठा सन्मान) त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय. बातम्यांत नाव वाळूच्या ढिगाच्या प्रारूपाचं आलं. पण १९७८ मध्येच त्यांनी काही खास फ्रॅक्टल जालकांवर स्वतःला टाळणारा वॉक नेमका सोडवून दाखवला होता. तिथे एकच रचना लहानमोठ्या आकारात पुन्हा पुन्हा येते, म्हणून पुनर्सामान्यीकरण अंदाजे न राहता अचूक होतं. तीन मितींतलं उत्तर अडलेलं असताना हे वाचणं फार समाधानाचं आहे.

शेअर बाजार रॅण्डम वॉक असतो ना?

१९०० मध्ये लुई बाशेलिएने पॅरिसमध्ये तसा प्रबंध लिहिला होता. पुढचं ब्रोकरला विचारा.

परीक्षेत तीन मितींचा घातांक ३/५ लिहू की ०.५८८?

'फ्लोरीच्या युक्तिवादाने काढा' असं असेल तर ३/५, आणि कंसात 'अंदाजे'. नुसतंच 'घातांक किती' असेल तर ०.५८८. तोंडी परीक्षेत ३/५ला 'नेमकं' म्हणालात, तर पुढचा प्रश्न 'सिद्ध करा' असा येईल.